कोंबाचं वय

आमच्या शाळेत शास्त्र शिकवणारे मास्तर वय विचारल्याशिवाय घास तोंडात घालत नसत. वय भाजीचं. माणसांच्या वयाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. दाखल्यावर एखाद्या पोराची जन्मतारीख तीन वर्षांनी चुकली, तरी ते ढिम्म हलत नसत. पण आठवड्याच्या बाजारात गवारीच्या पाटीसमोर बसले की त्यांची उलटतपासणी सुरू व्हायची.

"ही किती दिवसांची?"

"आजचीच हाय की मास्तर. सकाळी तोडलीया."

"तोडून किती वेळ झाला ते नाही विचारलं मी. फूल गळून किती दिवस झाले?"

बाजारातल्या बायांनी हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला होता. सुरुवातीला त्या हसायच्या. मग लांबून मास्तर येताना दिसले की पाटीवर फडकं टाकायच्या. पुढे पुढे मात्र एक-दोघी खरंच उत्तरं द्यायला लागल्या. मग मास्तर दुसरीकडे जातच नसत, कारण त्यांच्या दृष्टीने भोरच्या बाजारात विश्वासाची माणसं तेवढीच होती.

संस्थान विलीन होऊन चार-दोन वर्षं झाली होती. शाळेला एक बोर्डिंग जोडलेलं होतं, त्यात बहुतेक पोरं वेल्ह्याकडच्या डोंगरातली. मी चित्रकला शिकवायचो. बोर्डिंगच्या लगतच्या एकाच खोलीत आम्हा दोघांची राहायची सोय होती, त्यामुळे या माणसाकडे बघत बसण्याची संधी मला इतरांपेक्षा जास्त मिळाली. संधी म्हणतो, पण तेव्हा तिला मी शिक्षाच म्हणायचो. खोलीच्या खिडकीत फुटक्या डब्यांतून ज्वारी उगवलेली असायची, आणि मास्तर ती निरनिराळ्या उंचीला कापून खलबत्त्यात कुटत असायचे. त्याच खलबत्त्यात माझी सुंठ कुटली गेली तेव्हा आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं. बंद मी केलं होतं. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

त्यांच्या उजव्या हाताची बोटं कायमची पिवळी असायची. दवाखान्यात भाजलेल्या माणसाला लावायचं एक पिवळं औषध तेव्हा मिळत असे. मास्तर ते कंपाउंडर चाचांकडून मागून आणायचे, त्यात थोडा सोडा घालायचे आणि टीपकागदाच्या पट्ट्या त्यात भिजवून वाळवायचे. दोरीवर माझा लेंगा आणि शेजारी त्यांच्या पिवळ्या पट्ट्या, असं आमच्या खोलीचं तोरण होतं. कंपाउंडर चाचा बाटली देताना दर वेळी विचारायचे, "मास्तर, एवढं कुठं भाजलंय तुमाला?" मास्तर दर वेळी हात पुढे करून गंभीरपणे सांगायचे, "कुठंच नाही." चाळिशी उलटलेला हा ब्रह्मचारी माणूस पिवळ्या बोटांनी फिरायचा, तेव्हा गावाने गप्प बसावं अशी अपेक्षा करणंच चूक. "हळद लागली वाटतं मास्तर, नवरी कुठली?" असं रोज कुणीतरी विचारायचं. पोरांनी तर त्यांचं नाव हळद्या मास्तरच पाडलं होतं. नाव त्यांना ठाऊक होतं. "रंग बरोबर आहे, कारण चूक आहे," एवढीच त्यांची तक्रार होती.

बोर्डिंगचा स्वयंपाक एक मावशी करायच्या. मूळच्या भोंगवलीच्या, म्हणजे ज्वारी-बाजरीच्या मुलखातल्या. नवरा गेल्यावर दिरांशी कडाक्याचं भांडण करून त्या भोरला आल्या होत्या, आणि स्वयंपाकघराच्या मागची चिंचोळी खोली हेच त्यांचं घर होतं. एक पत्र्याची पेटी, एक घोंगडी आणि भिंतीला टेकवलेलं जातं. त्या म्हणायच्या, "हितनं काडलं तर भोंगवलीच्या दारात हुबं ऱ्हावं लागंल. आन त्ये दार म्याच आपटून आलीया." हे त्या हसत सांगायच्या, पण ऐकणाऱ्याला हसू येत नसे.

मावशी आणि मास्तर यांचं रोज वाजायचं. मास्तर स्वयंपाकघरात शिरून भेंडी मोडून बघायचे, मुळ्याला नख लावायचे, दोडक्याची शीर चावून बघायचे. मग प्रवचन सुरू. झाडाच्या पोटात जे सत्त्व असतं ते कोवळेपणी जास्त असतं, वय वाढलं की त्याचा दोरा होतो; म्हणून जून टाकायचं. आणि भाजी शिजवलेलं पाणी गटारात ओतायचं नाही, त्यात निम्मं सत्त्व उतरलेलं असतं. ते आमटीत घालायचं. मावशींनी सवयीने एकदा पाणी ओतलं, तर मास्तर मोरीपाशी उभं राहून त्या वाहून जाणाऱ्या पाण्याकडे असं बघत राहिले की मावशींनाच कसंतरी झालं. "येवडं त्वांड पाडू नगा," त्या म्हणाल्या, "उद्यापास्नं न्हाई वतायची."

पण मास्तरांचा भरवसा नव्हता. त्यांनी मला गाठलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर गेरूने मोठ्या अक्षरांत लिहायला लावलं: जून टाका. पाणी राखा. मी अक्षरांना थोडी वेलबुट्टीही काढली. मावशींना वाचता येत नव्हतं, म्हणून मास्तरांनी ते चार शब्द त्यांच्याकडून पाठ करून घेतले. पुढे चुलीला पहिली काडी लावताना त्या ते पुटपुटायच्या. एका पोराने मला विचारलं होतं, मावशी कुठल्या देवाचं नाव घेतात म्हणून.

मास्तरांचे शत्रू फार नव्हते, पण एक मोठा होता. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यांच्या मुलीच्या लग्नात पंगतीत मास्तरांनी भरल्या वांग्याचं पोट उघडून आतलं बी जिभेवर घोळवलं आणि वाढायला आलेल्या अध्यक्षांना विचारलं, "हे वांगं झाडावर जरा जास्तच राहिलं, नाही का?" शेजारच्या पंगतीला तेवढंच ऐकू गेलं. मुलीचं लग्न जमायला काही वर्षं लागली होती, हे अख्ख्या भोरला माहीत होतं. मास्तरांना ते माहीत असण्याचं कारणच नव्हतं. अध्यक्षांनी तेव्हा वाढपाची पळी तशीच हातात धरली होती, आणि माझ्या मते त्यांनी ती पुढे कधी खाली ठेवलीच नाही.

आता कोंबांबद्दल. पावसाळ्यात बोर्डिंगातल्या पोरांच्या ताटात डाळ आणि बटाटा याखेरीज काही नसायचं. वर्गात भाज्यांवर बोलताना मास्तरांनी विचारलं, घरी पावसात काय खाता? वेल्ह्यावरच्या धनगरवाड्यातला एक मुलगा म्हणाला, कळकाचे कोंब. सगळा वर्ग हसला. बांबूचे कोंब हे रानातल्या माणसांचं खाणं. भोरसारख्या गावात येऊन ते कबूल करायचं नसतं, हे त्या पोराला अजून कळलं नव्हतं. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी ताबडतोब विचारलं, "केवढे असताना काढता?"

त्या रविवारी मास्तर वेल्ह्याकडे गेले आणि खांद्यावर भारा घेऊन आले. आमच्या ओसरीवर त्यांनी कोंब उंचीप्रमाणे मांडले. पहिला नुकता मातीतून नाक वर काढलेला, मग वीतभर, हातभर, कमरेएवढा आणि शेवटी माझ्या खांद्याला लागणारा. सगळ्यांच्या अंगावर तपकिरी सालींचे एकावर एक अंगरखे, आणि सालींवर बारीक, टोचरी कूस. ती कूस मास्तरांच्या मानेत गेली होती. आठवडाभर हा माणूस खाजवत होता आणि अत्यंत सुखी होता.

मग कोंबांचा शेंडा वेगळा, मधला भाग वेगळा, बुडखा वेगळा असं कुटणं सुरू झालं. कुटलेला गर बाटलीत घालायचा, बुचाला पिवळी पट्टी आत लोंबत राहील अशी अडकवायची आणि बाटली उन्हात ठेवायची. कोवळ्या ज्वारीत एक विष असतं, तेच गरात असलं तर त्याची वाफ पट्टीला लागून ती तांबूस व्हायची. विषाला शास्त्रात एक लांबलचक इंग्रजी नाव आहे. मास्तर ते वर्गात घेत नसत, पोरं लगेच एकमेकांना ते नाव ठेवतील म्हणून. रंग सांगायला ते मला बोलवायचे. माझा त्या शास्त्राशी संबंध तेवढाच.

"हा कुठला रंग?"

"पेवडीच्या पिवळ्यात थोडा शेंदूर."

"शास्त्रात शेंदूर नसतो."

"मग काय असतं?"

"थोडं विष."

असा आमचा संशोधनाचा कारभार. पण पट्टी लाल झाली की मास्तरांच्या तोंडावर जे हसू यायचं, ते मी दुसऱ्या कुठल्याही कारणाने कधी पाहिलं नाही. एरवी हसायला त्यांना फार कष्ट पडायचे. लाल पट्टी दिसली की लहान पोराला जत्रेत भिरभिरं मिळावं तसा चेहरा व्हायचा.

त्या पट्ट्यांवरून त्यांनी जे ठरवलं ते मला एकदा नदीवर जाताना सांगितलं. कोंब वीतभर असताना त्यात सत्त्व भरपूर असतं. उंची वाढेल तसं ते कमी होतं, अंगात पाणी आणि दोरा भरत जातो, शेवटी नुसतं लाकूड. हे भाजीसारखंच. पण विषाचं गणित निराळं. विष हा झाडाचा पहारेकरी. जिथं वाढ चालू आहे तिथं तो उभा असतो, म्हणजे शेंड्यात. कोंब कितीही उंच झाला तरी शेंडा नवाच असतो, आणि पहारेकरीही तिथेच. म्हणून वीतभर कोंब घ्यावा. शेंड्याचं टोक कापून टाकावं, चकत्या पाण्यात भिजत घालाव्यात, उघड्या भांड्यात उकळाव्यात आणि पाणी फेकून द्यावं. विष वाफेने आणि पाण्याने जातं.

"पाणी फेकायचं?" मी विचारलं. "भिंतीवर तर मी..."

"ते भाजीला," मास्तर म्हणाले. "हा कोंब आहे."

त्यांच्या मनात तो प्रश्न तिथेच मिटला.

मग धनगरवाड्यावरचे त्या मुलाचे आजोबा कोंब घेऊन बोर्डिंगात यायला लागले. मास्तर वीत लावून प्रत्येक कोंब बघायचे, स्वतः सोलायचे, कापायचे, उकळायचे. मावशींना हात लावू द्यायचे नाहीत. पातेल्यावर पिवळी पट्टी धरून बघायचे, पाणी स्वतः मोरीत ओतायचे, आणि मगच चकत्या मावशींच्या हवाली व्हायच्या. मावशी दाण्याचं कूट घालून ती भाजी अशी करायच्या की पोरं बोटं चाटायची. ज्या पोराला वर्ग हसला होता तो आता कोंबाच्या दिवशी पंगतीत पहिला बसायचा. त्याच्या पानावर दोनदा भाजी वाढताना मी मावशींना पाहिलं आहे, आणि मास्तर तिकडे बघत नाहीत असं दाखवत बघत होते तेही पाहिलं आहे. त्या श्रावणात आमचं बोर्डिंग सुखात होतं, असं मला आजही वाटतं.

तेवढ्यात मास्तर पुण्याला गेले. तिथल्या एका कॉलेजात त्यांचा कुणी ओळखीचा होता. कोंबातलं सत्त्व नीट मोजून घ्यायचं होतं, ते काम आमच्या खोलीतल्या खलबत्त्याने होण्यासारखं नव्हतं. त्याच सुमारास गुंजवणी नदीला पूर आला. धनगर आजोबा पलीकडेच अडकले. पाणी उतरल्यावर ते कळकाच्या बेटात गेले तर वीतभर सोडून आलेले कोंब कमरेवर गेलेले. पावसात कोंब कसा वाढतो हे पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही. पण मास्तरांना शब्द दिलेला. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून ते तेच घेऊन आले.

"जून झाल्यात जरा," ते मावशींना म्हणाले. "पर शेंडं कवळं हायती."

आणि गेले. पाणी फेकायचं असतं हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या वाड्यावर ते पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं, त्यामुळे कुणी कुणाला सांगत नाही.

मावशींनी भिंतीकडे बघितलं असेल. न बघताही त्यांना ते पाठच होतं. जून टाका: त्यांनी कोंबांचे बुडखे आणि मधला भाग टाकून दिला, आणि नुसते कोवळे लुसलुशीत शेंडे घेतले. पाणी राखा: झाकण ठेवून शिजवलं आणि पाणी आमटीत घातलं. इतकी कोवळी भाजी मास्तरांनी बघायला हवी होती, असं त्या मला पोरं जेवून गेल्यावर म्हणाल्याही.

आमटी कडवट लागली. पण बोर्डिंगात आमटी कडवट लागणं ही काही बातमी नव्हती. दुपारी वर्गात पोरांनी डोकी बाकावर टेकवली. मग एकाने ओकारी काढली, आणि मग एकामागून एक. काहींना उभं राहता येईना. धाप लागल्यासारखी पोरं श्वास घेत होती. डॉक्टर आणि कंपाउंडर चाचा धावत आले. मिठाचं पाणी पाजून पाजून त्यांनी पोटं रिकामी केली. संध्याकाळपर्यंत बहुतेक जण उठून बसले. धनगरवाड्याचा तो पोरगा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत डोळे मिटून पडला होता. मावशी त्याच्या उशाशी बसून होत्या. मी एवढा घाबरलेला त्या आधी कधी नव्हतो.

अध्यक्ष आले, फिरून पाहिलं आणि दारातच म्हणाले, "रानातलं विष पोरांना खायला घालते ही बाई? हिला ठेवायची नाही." रविवारी कमिटी बसणार होती, पण निकाल झाल्यासारखाच होता. मावशींनी पेटी आवरली. जातं नेता येणार नाही म्हणून ते फडक्याने पुसून ठेवलं.

मास्तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने आले. मी त्यांना घ्यायला स्टँडवर गेलो होतो. सगळं सांगितलं. पोरांना बाधलं म्हणालो, मावशींना काढताहेत म्हणालो. मास्तर ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "कोंब केवढे होते?"

माझं डोकंच फिरलं. पोरं मरता मरता वाचली आणि हा माणूस कोंबाचं वय विचारतो! मी ओरडलोच, "कमरेएवढे होते! मोजायला यायचं होतं!"

"शेंडे घेतले?"

"नुसते शेंडे."

"आणि पाणी?"

"आमटीत."

मास्तर स्टँडच्या पायरीवर बसले. मला वाटलं, आता रडतील. पण ते उठले आणि बोर्डिंगकडे न जाता आधी दवाखान्याकडे वळले, चाचांकडून पिवळं औषध मागायला. त्या क्षणी मला त्यांचा तिरस्कार वाटला, हे सांगून टाकतो.

शनिवारी शाळा सुटल्यावर ते पुन्हा वेल्ह्याच्या वाटेला लागले. कमरेएवढे कोंब खांद्यावर टाकून रविवारी सकाळी परत आले, मान खाजवत.

कमिटी माझ्याच चित्रकलेच्या वर्गात बसली. मास्तरांनी टेबलावर दोन शेगड्या, दोन पातेली आणि दोन बाटल्या मांडल्या. अध्यक्ष म्हणाले, "हा काय पोरांचा वर्ग आहे?" मास्तर म्हणाले, "हो." आणि कोंब सोलायला बसले. एका पातेल्यात नुसते शेंडे, पाणी घालून, वर झाकण. दुसऱ्यात खालच्या भागाच्या चकत्या, झाकण नाही. ते उकळलेलं पाणी त्यांनी खिडकीतून फेकलं. पहिल्या बाटलीत राखलेलं पाणी, दुसरीत उकडलेल्या चकत्या. दोन्हींत पिवळ्या पट्ट्या. मग दोन्ही बाटल्या गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवून ते म्हणाले, "आता थांबायचं."

कमिटी थांबली. दुसरं करणार काय? सभासदांत बहुतेक शेतीवाडी असलेली माणसं. वेळ घालवायला मास्तरांनी त्यांना विचारलं, कोवळ्या ज्वारीत शिरून बैल मेलेला कुणी पाहिला आहे का? सगळ्यांनीच पाहिला होता. एकाने तर आपल्या बैलाचं नावही सांगितलं. "तीच ज्वारी कणसाला आल्यावर?" "काय हुतंय? वैरणच ती." "तोच बैल, तीच ज्वारी," मास्तर म्हणाले. "वय वेगळं." दाराबाहेर मावशी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्यांनीही मान हलवली.

तोवर पहिल्या बाटलीतली पट्टी फिरायला लागली होती. पिवळ्यावर नारिंगी चढत गेली. मास्तरांनी मला हाक मारली, "ड्रॉइंग मास्तर, रंग सांगा."

"नारिंगी."

थोड्या वेळाने, "आता?"

"विटकरी," मी म्हणालो. दुसरी पट्टी होती तशीच पिवळी होती.

आणि मास्तर हसले. तेच हसू, जत्रेतल्या भिरभिऱ्याचं. स्वतःला फासावर चढवणारी पट्टी लाल झाली म्हणून हा माणूस भर कमिटीपुढे आनंदाने हसत होता. अध्यक्ष भडकले. "पोरं मरायला टेकली होती आणि तुम्ही हसता?"

"पाण्यात विष आहे," मास्तर म्हणाले, "आणि पाणी टाकू नका असं सांगणारा मी. शेंड्यात विष आहे, आणि कोवळं तेवढंच घ्या असं सांगणारा मी. ते मी भिंतीवर लिहून ठेवलंय. बाईंनी माझ्या शब्दाबाहेर एक गोष्ट केलेली नाही. मला दोन्ही गोष्टी माहीत होत्या. एकीशेजारी दुसरी ठेवून मी बघितली नाही."

मावशी दारातून आत आल्या. "न्हाई वो," त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "मास्तर पाणी वतायचे त्ये म्या डोळ्यांनी बघितलं हुतं. पर मला वाटलं, पातेल्यावर ह्यंचा पिवळा कागूद धरत्यात, त्येचं औषध पान्यात उतरत आसंल म्हनून वतत्यात. कागूद न्हाई, तर मग पानी का वतायचं? माज्याच हातनं झालं."

मास्तर त्यांच्याकडे वळले. "ते तुम्ही मला विचारायचं होतं, बाई."

"तुमी कुणाला इचारू देता व्हय? सारकं तुमीच इचारताय."

अध्यक्षांनी विचारलं, मग आता काढायचं कुणाला? कुणीतरी जायला तर हवंच, पालकांना काय सांगायचं? मास्तर बाटलीतून लाल पट्टी काढून उजेडात धरत म्हणाले, "मला. त्यात विचारायचं काय?"

मावशी राहिल्या. बोर्डिंगात कोंब आणायचे नाहीत असा ठराव झाला. मास्तरांची नेमणूक कायम झालेली नव्हती, त्यामुळे त्यांना काढायला फार लिहापढी करावी लागली नाही. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला गेरू घेऊन स्वयंपाकघरात नेलं आणि त्या चार शब्दांखाली एक ओळ वाढवायला लावली: कोंबाला हे लागू नाही. मी म्हणालो, मास्तर, इथे आता कोंब कधी शिजणारच नाही. ते म्हणाले, लिहा. ती ओळ मी वेलबुट्टीशिवाय लिहिली. पुढे कितीतरी वर्षं नवी पोरं विचारायची, कोंब म्हणजे काय?

पुण्याच्या कॉलेजातून काय कळलं, हे मी त्यांना शेवटच्या दिवशी विचारलं. "वीतभर कोंबच चांगला," ते म्हणाले. "आपलं बरोबर होतं." त्या 'आपलं'मध्ये मी होतो हे मला जरा उशिराच कळलं.

सकाळची कापूरहोळवरून पुण्याला जाणारी गाडी होती. स्टँडवर मी आणि मावशी, दोघंच. अध्यक्ष येणार नव्हते, पोरांना यायची मनाई होती. मावशींनी फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि भाजी मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी ते बांधलेलं फडकं हातात घेऊन जरा तोललं. मी मनात म्हटलं, आता विचारतील. मावशीही त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मास्तरांनी विचारलं नाही. गाडीत जाऊन खिडकीशी बसले. गाडी हलायच्या आधीच त्यांनी फडकं सोडलं, पिवळ्या बोटांनी भाकरी मोडली, भाजी घेतली आणि पहिला घास तोंडात घातला. वास घेतला नाही, मोडून बघितलं नाही. गाडी वळेपर्यंत ते खाली मान घालून जेवत होते.

परतताना मावशी माझ्या पुढे पुढे चालत होत्या. बोर्डिंग दिसायला लागलं तशा त्या थांबल्या आणि चिडून म्हणाल्या,

"रोज इचारायचे. आज येवडं इचारायला पायजे हुतं त्यांनी. मळ्यात जाऊन, फूल कवा गळालं त्ये सम्दं इचारून घेतलं हुतं म्या. पाठ करून आल्ते."